बुडापेस्टचे ऊन पाणी आणि रोज नाहणारा माणूस

बुडापेस्टच्या सेचेन्यी स्नानगृहात छातीपर्यंत ऊन पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळणारे म्हातारे आणि त्यांच्या डोक्यावरून वर जाणारी वाफ, हे छायाचित्र न पाहिलेला प्रवासी विरळाच. हंगेरीच्या राजधानीची ओळख म्हणून ते जगभर दाखवले जाते. पण सेचेन्यीच्या एका दिवसाच्या पूर्ण तिकिटाचा दर आता दहा हजार फोरिंटच्या (फोरिंट हे हंगेरीचे चलन) वर गेला आहे. छायाचित्रातल्या त्या म्हाताऱ्याला या दराने तिकीट काढावे लागले, तर निवृत्तिवेतनातून तो महिन्याकाठी किती डाव खेळू शकेल, हा हिशोब कठीण नाही. पास आहेत, काही सवलती आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे उपचारही आहेत. तरीही शहरातील मोठी स्नानगृहे कोणाला डोळ्यांसमोर ठेवून चालवली जातात, या प्रश्नाचे उत्तर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बदलत गेले आहे. ही स्नानगृहे बहुतांशी महापालिकेच्या मालकीच्या कंपनीकडे आहेत आणि जमिनीखालचे पाणी कायद्याने राज्याचे आहे. त्यामुळे हा निव्वळ व्यवसायाचा प्रश्न उरत नाही. सार्वजनिक मालकीचे ऊन पाणी कोणासाठी आणि कोणत्या अटींवर उपलब्ध असावे, असा तो प्रश्न आहे, आणि माझे उत्तर असे की त्या पाण्यावर पहिला हक्क रोज किंवा वारंवार नाहायला येणाऱ्याचा असला पाहिजे, मग तो राहायला कुठेही असो.

हे उत्तर भावनेपोटी दिलेले वाटू नये म्हणून आधी पाणी कुठून येते ते पाहिले पाहिजे. कार्पेथियन पर्वतांच्या कुशीतील या खोऱ्यात पृथ्वीचे कवच तुलनेने पातळ आहे. जगात सर्वसाधारणपणे एक किलोमीटर खोल गेल्यावर तापमान सुमारे ३० अंशांनी वाढते. हंगेरीत ते ५० अंशांच्या आसपास वाढते. बुडाच्या, म्हणजे डॅन्यूब नदीच्या पश्चिमेकडील शहराच्या अर्ध्या भागाच्या, टेकड्यांवर आणि त्यांच्या पलीकडच्या डोंगरांवर पडणारा पाऊस चुनखडी आणि डोलोमाइटच्या भेगांतून खोलवर झिरपतो, तापतो, आणि डॅन्यूबच्या उजव्या काठाने गेलेल्या भ्रंशरेषेवाटे पुन्हा वर येतो. वाटेत हे पाणी खडक विरघळवत, गुहा कोरत येते. लुकाच स्नानगृहाजवळच्या झऱ्याच्या पाण्याचे पृथक्करण करताना मोल्नार यानोश या औषधनिर्मात्याने एकोणिसाव्या शतकातच आत मोठी गुहा असावी असा अंदाज बांधला होता, आणि ऊन पाण्याने भरलेल्या त्या गुहेत आज पाणबुडे उतरतात. गुहेला नावही त्याचेच दिले आहे. नदीपलीकडे पेस्टच्या बाजूला मात्र हाच चुनखडीचा थर मातीच्या जाड थरांखाली दबलेला असल्यामुळे तिथे झरे आपसूक फुटत नाहीत, विंधन विहीर घ्यावी लागते. विल्मोश झिग्मोंडी या खाण अभियंत्याने आजच्या नगरउद्यानात १८६८ पासून १८७८ पर्यंत दहा वर्षे खोदकाम करून ९७० मीटर खोलीवर ७४ अंशांचे पाणी काढले. सेचेन्यी स्नानगृह उभे राहिले ते या विहिरीवर. १९३८ मध्ये तिथेच १२५६ मीटर खोल दुसरी विहीर झाली आणि तिचे पाणी आणखी गरम, ७७ अंशांचे निघाले.

म्हणजे बुडामध्ये झरे निसर्गाने दिले आणि पेस्टमध्ये ते माणसाने खणून मिळवले. झरा आयता मिळाला म्हणून त्यावर मालकी सांगणे एक वेळ सोपे. पण दहा वर्षे जमीन खणण्याचे धाडस होते ते त्यामागे सार्वजनिक हेतू असेल तरच, असे मला वाटते.

या शहरात नाहण्याची सवय रोमनांइतकी जुनी आहे. आजच्या ओबुडा भागात अक्विंकम हे रोमन नगर आणि सैन्याची छावणी होती. छावणीच्या मोठ्या स्नानगृहाचे अवशेष १७७८ मध्ये सापडले. परंतु रोमनांची सवय रोमनांबरोबरच गेली. आज जी स्नानसंस्कृती दिसते तिचा पाया उस्मानी तुर्कांनी घातला. १५४१ ते १६८६ या काळात बुडा त्यांच्या ताब्यात होते, आणि त्या दीडशे वर्षांत बांधलेली रुदाश, किराय, राट्स आणि वेली बेय ही स्नानगृहे अजून उभी आहेत. रुदाशच्या मुख्य दालनात आठ खांबांवर तोललेला घुमट, त्यात कोरलेल्या लहान झरोक्यांतून खालच्या अष्टकोनी कुंडावर पडणारे उजेडाचे कवडसे, आणि चार कोपऱ्यांत वेगवेगळ्या तापमानाची चार लहान कुंडे, ही मांडणी सोळाव्या शतकातील आहे. तिथे आजही बोलणारा आपोआप आवाज खाली आणतो, कारण घुमट प्रत्येक शब्द परत करतो.

किराय स्नानगृहाची कथा तर मुद्द्याच्या अगदी जवळची आहे. त्याच्याजवळ स्वतःचा झरा नाही. वेढा पडला तरी शिपायांना आणि नगरवासीयांना नाहता यावे म्हणून तुर्कांनी ते तटाच्या आत बांधले आणि पाणी लुकाचच्या बाजूने नळांवाटे आणले. ज्या राज्यकर्त्याला युद्धकाळातही प्रजेचे स्नान खंडित होऊ नये असे वाटले, त्याने स्नानाला चैन मानले नव्हते, हे उघड आहे. (नावावरून ते राजेशाही असावे असे वाटते; प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकात ते क्योनिग नावाच्या जर्मन कुटुंबाकडे होते, आणि त्या आडनावाचे हंगेरियन भाषांतर किराय, म्हणजे राजा.) तुर्कांकडून बुडा जिंकून घेतल्यावर हॅब्सबर्ग सम्राट लिओपोल्डने राट्स स्नानगृह आपल्या वैद्याला देऊन टाकले. पाणी आधी सर्वांचे, मग कोणा एकाचे, मग पुन्हा सर्वांचे, असा हेलकावा या शहरात नवा नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी तो लोलक सार्वजनिक बाजूला सर्वांत दूर गेला. १९१३ मध्ये उघडलेले सेचेन्यी बाहेरून एखाद्या राजवाड्यासारखे दिसते. पिवळ्या भिंती, घुमट, मोझेक, सारे काही आहे. पण ते नगरपालिकेने नगरउद्यानात बांधले, आणि त्यात खाजगी खोल्यांबरोबर सर्वसामान्यांसाठी स्वस्त स्नानाचे विभागही ठेवले. ज्या काळात पेस्टच्या दाटीवाटीच्या भाड्याच्या घरांत राहणाऱ्या असंख्य कुटुंबांना स्वतःचे न्हाणीघर नव्हते, त्या काळात स्नानगृह ही आरोग्याची आणि स्वच्छतेची गरज होती. १९३० मध्ये कामगारवस्तीत उघडलेले दान्दार स्नानगृह तर साध्या विटांचे, मूळचे अंग धुण्यासाठीच बांधलेले. ऊन खनिज पाणी तिथे बऱ्याच नंतर आले. १९३४ मध्ये बुडापेस्टला ‘स्नानगृहांचे शहर’ असा अधिकृत किताब मिळाला आणि पर्यटनाच्या जाहिराती सुरू झाल्या, हे खरे. पण त्या जाहिरातींत दाखवायला काही होते, कारण आधी शहर रोज नाहत होते.

रोज नाहणाऱ्याला आणखी एक वाट मिळाली ती वैद्यकाची. सांध्यांचे आणि मणक्यांचे विकार असलेल्या रुग्णांना हंगेरीत डॉक्टर ऊन पाण्यातील उपचारांची, साधारण पंधरा वेळांची, मालिका लिहून देऊ शकतात आणि खर्चाचा मोठा भाग सार्वजनिक आरोग्य विमा उचलतो. लुकाच स्नानगृहाच्या आवारातील भिंतीवर बरे झालेल्या रुग्णांनी निरनिराळ्या भाषांत कृतज्ञतेने लावलेल्या संगमरवरी पाट्या आहेत. ऊन पाण्याने नेमके कोणते आजार किती बरे होतात यावर दावे जास्त आणि पुरावे मर्यादित असतात, हे मान्य केलेच पाहिजे. दुखऱ्या सांध्याला मिळणारा आराम मात्र खोटा नाही. पण या व्यवस्थेचे खरे मोल मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. तिच्यामुळे स्नानगृहाला असा माणूस लाभतो जो पंधरा वेळा येतो, परिचारकाला नावाने ओळखतो, कोणत्या कुंडात कोणत्या वेळी गर्दी असते हे जाणतो, आणि नवख्याला आधी अंग धुऊन मग उतर असे सांगतो. स्नानसंस्कृती म्हणतात ती याच माणसात असते. तिचे नियम भिंतीवरच्या फलकापेक्षा शेजारी बसलेल्याच्या नजरेत अधिक असतात.

आता प्रश्न पैशाचा. पर्यटकांकडून मिळणाऱ्या उत्पन्नावाचून या इमारती टिकणार नाहीत, असा युक्तिवाद केला जातो, आणि तो पोकळ नाही. खनिज पाणी नळ खाते, क्षार साचून वाहिन्या तुंबतात, वाफेने गिलावा सुटतो, आणि सोळाव्या शतकातील घुमट दुरुस्त करणारा कारागीर स्वस्तात मिळत नाही. राट्स स्नानगृहाचे पुनरुज्जीवन पूर्ण होऊनही गुंतवणूकदार आणि महापालिका यांच्या वादात त्याचे दरवाजे उघडलेच नाहीत. किराय २०२० मध्ये बंद झाले आणि दुरुस्तीची वाट पाहत राहिले. गेलर्ट स्नानगृह २०२५ च्या ऑक्टोबरपासून मोठ्या नूतनीकरणासाठी बंद झाले असून ते २०२८ मध्ये उघडण्याचे नियोजन आहे. एवढा खर्च रोज येणाऱ्या पेन्शनराच्या खिशातून निघणार नाही, हे मलाही कळते.

म्हणून पर्यटकांकडून भरपूर दर घ्यायला माझी हरकत नाही. शनिवारी रात्री सेचेन्यीत रंगीत दिवे आणि मोठ्या आवाजातील संगीत लावून होणाऱ्या मेजवान्या माझ्या आवडीच्या नाहीत, पण तो रुचीचा प्रश्न झाला. माझी हरकत वेगळी आहे: उत्पन्नाचा विचार एकदा कारभाराच्या केंद्रस्थानी आला की वेळापत्रक, तिकिटांचे प्रकार, लॉकरची रचना, कर्मचाऱ्यांची भाषा, सगळे आयुष्यात एकदाच येणाऱ्या माणसाच्या सोयीने ठरू लागते. दोनशे वेळा येणारा माणूस हळूहळू अडथळा वाटू लागतो, कारण तो जागा अडवतो आणि उपाहारगृहात काही घेत नाही. त्याला कोणी हाकलत नाही. तो आपणहून यायचा थांबतो, आणि तो थांबल्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही.

असे झाल्यावर काय होते याचे उत्तर युरोपातच, इंग्लंडमधील बाथ या शहरात, मिळते. बाथ आणि बुडापेस्टचा डॅन्यूबकाठ या दोन्हींना युनेस्कोने एकाच वर्षी, १९८७ मध्ये, जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, हा योगायोग बोलका आहे. बाथमधील मुख्य झऱ्यातून सुमारे ४६ अंशांचे दहा लाख लिटरहून अधिक पाणी रोज वर येते. रोमनांनी तिथे सुलिस मिनर्व्हा देवीचे मंदिर आणि भव्य स्नानगृह बांधले. कपडे चोरणाऱ्याला शिक्षा कर, अशी देवीला गाऱ्हाणी घालणारे शिशाचे पत्रे त्या झऱ्यात सापडले आहेत. नाहायला गेलेल्याचे कपडे पळवले जात, यावरून तिथे सर्व थरांतील माणसे येत असावीत. अठराव्या शतकात तिथे इंग्लंडचा उच्चभ्रू समाज गोळा होई, आणि त्याच शतकात गरीब रुग्णांसाठी खनिज पाण्याचे रुग्णालयही उभे राहिले. विसाव्या शतकात राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या खर्चाने मिळणारे ऊन पाण्याचे उपचार १९७६ मध्ये थांबले. १९७८ मध्ये त्या पाण्यात पोहलेल्या एका मुलीचा अमिबामुळे होणाऱ्या मेंदूच्या संसर्गाने मृत्यू झाला आणि सार्वजनिक स्नान बंद करण्यात आले. ते करणे भागच होते. पाणी शुद्ध मिळावे म्हणून पुढे नव्याने विंधन विहिरी घेण्यात आल्या, पण नवे स्नानगृह उघडायला २००६ साल उजाडले. खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट झाला होता.

अठ्ठावीस वर्षे म्हणजे एक आख्खी पिढी. त्या काळात बाथमध्ये ऊन पाणी वाहत होते, रोमन कुंड होते, वर्षाला लाखो लोक ते पाहायला येत होते, आणि शहरात कोणी नाहत नव्हते. आजही रोमन कुंडाच्या कडेला उभे राहता येते, हिरवट पाण्यावरची वाफ पाहता येते, पण त्यात बोट बुडवू नका अशी सूचना असते. नव्या स्नानगृहात दोन तासांच्या हिशोबाने प्रवेश विकला जातो. गच्चीवरच्या कुंडातून दिसणारे दृश्य सुंदर आहे, आणि तिथला बहुतेक ग्राहक वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस साजरा करायला आलेला असतो. त्यात वाईट काही नाही. पण तिथे कोणी कोणाला अंग धुऊन उतर असे सांगत नाही, कारण सांगणारा उरलेला नाही. झरे जपण्यासाठी बाथमध्ये १९८२ पासून विशेष कायदा आहे आणि शहरात ठरावीक खोलीपेक्षा खाली खणायला परवानगी लागते. पाण्यासाठी कायदा करता आला. सवय तुटली तेव्हा मात्र ती सांधणारा कायदा कोणाला सुचला नाही, आणि तो सुचण्यासारखाही नसतो.

याविरुद्ध एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. परंपरा आणि नित्याचा नाहणारा यांचा एवढा गौरव करताना आपण कोणाच्या परंपरेबद्दल बोलतो? रुदाशचे तुर्की दालन १९३६ पासून केवळ पुरुषांसाठी होते आणि स्त्रियांना तिथे प्रवेश मिळाला तो थेट २००५ च्या नूतनीकरणानंतर. कमरेला पुढून एक लहानसा पांढरा कपडा बांधून वावरणाऱ्या पुरुषांच्या त्या शांत जगाला बाहेरून स्नानसंस्कृती म्हणणे सोपे होते. शहरातील अर्ध्या माणसांना ती कधी दिसलीच नव्हती. म्हणजे नित्याच्या गिऱ्हाइकाचे ऐकत राहिले असते, तर दार उघडले नसते. मला हा आक्षेप मान्य आहे, आणि म्हणूनच वर मी हक्काची कसोटी सवयीच्या जुनेपणावर नव्हे, येण्याच्या वारंवारतेवर ठेवली आहे. २००५ नंतर दर मंगळवारी स्त्रियांसाठी राखलेल्या दिवशी येणारी बाई आज रुदाशची तितकीच हक्काची नाहणारी आहे.

वारंवारतेची ही कसोटी कायद्याच्या दृष्टीनेही सोयीची ठरते. स्थानिकांना स्वस्त आणि परक्यांना महाग, हा मार्ग कोणालाही पहिल्यांदा सुचतो. परंतु हंगेरी युरोपीय संघाचा सदस्य आहे. इटलीतील काही नगरपालिकांची संग्रहालये आणि स्मारके वयस्कांना प्रवेशाची सवलत फक्त इटलीच्या नागरिकांना किंवा त्या गावच्या रहिवाशांना देत असत. २००३ मध्ये युरोपीय न्यायालयाने हा भेदभाव ठरवला आणि केवळ आर्थिक कारणे त्याचे समर्थन करू शकत नाहीत असे स्पष्ट केले. शिवाय न्यायालयाचा धाक नसता तरी पत्त्यावरून माणसे निवडणे मला पटले नसते. बुडापेस्टमध्ये काम करणारा रोमानियाचा गवंडी किंवा तिथे शिकणारी व्हिएतनामी विद्यार्थिनी आठवड्यातून तीनदा लुकाचला येत असेल, तर ती दोघे त्या स्नानगृहाची झाली. आणि रोझाडोंब टेकडीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारा पण वर्षातून एकदा पाहुण्यांना घेऊन येणारा गृहस्थ त्या दिवशी पर्यटकच असतो. एका वेळचे तिकीट महाग ठेवा, दहा वेळांचे बरेच स्वस्त करा, आणि वर्षभराचा पास इतका स्वस्त की तो काढणाऱ्याला विचार करावा लागू नये. आठवडाभर मुक्काम करणाऱ्या प्रवाशाला तो पास घ्यावासा वाटला तर खुशाल घेऊ द्यावा. त्यातले काही परत येतील.

दराइतकीच महत्त्वाची आहे वेळ, किंबहुना अधिक. सकाळी दारे उघडल्यापासूनचे पहिले तीन तास पासधारकांना आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर येणाऱ्यांना राखून ठेवले, तर महसुलाचे नुकसान थोडे होते, कारण पर्यटक सहसा नाश्ता उरकून येतो. दान्दारसारखी वस्तीतली लहान स्नानगृहे जाहिरातींपासून मुद्दाम दूर ठेवावीत. वेली बेय २०११ मध्ये पुन्हा उघडले ते एका धार्मिक संघाच्या रुग्णालयाच्या हाताखाली, आणि आपले शांत स्वरूप त्याने बऱ्यापैकी राखले आहे. प्रत्येक घुमटाखाली मेजवानी व्हावी असा काही नियम नाही, हे त्यावरून दिसते.

एक गोष्ट राहिली, आणि ती पाण्याच्याच संबंधी आहे. गर्दी वाढवून उत्पन्न वाढवण्याला भूगर्भानेच एक हद्द घालून दिली आहे. हंगेरीतील हेविझ येथील ऊन पाण्याच्या तळ्याला येणारा झरा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्षीण होत गेला. कारण कित्येक किलोमीटर दूर न्यिरादच्या बॉक्साइट खाणीतून त्याच चुनखडीतील पाणी उपसले जात होते. १९९० मध्ये उपसा थांबवल्यावर तळे सावरू लागले. एका ठिकाणी जास्त उपसले की दुसऱ्या ठिकाणी कमी येते, एवढा साधा हा हिशोब असला तरी तो हॉटेलांची नवी कुंडे मंजूर करताना विसरला जातो. उष्णतेचा काटकसरीने वापर करायला बुडापेस्ट शिकले आहे. सेचेन्यीचे पाणी अंगाला सोसेल इतके निववावेच लागते आणि त्यातील जादा ऊब शेजारच्या प्राणिसंग्रहालयाच्या इमारतींना दिली जाते. (तिथले पाणघोडे तर एका शतकाहून अधिक काळ याच खनिज पाण्यात डुंबत आहेत, आणि शहरातील सर्वांत निष्ठावान नाहणारे तेच असावेत.) पण पाणी मोजकेच असेल, तर ते कोणाला आधी द्यायचे हे ठरवणे टळत नाही. दर वाढवून ठरवले तरी तो एक निवाडाच असतो, फक्त तो कोणी केला हे दिसत नाही.

गेलर्टचे नूतनीकरण चालू असताना हा निवाडा उघडपणे करण्याची संधी महापालिकेकडे आहे. त्याच इमारतीतील हॉटेल वेगळ्या मालकीचे असून त्याचे रूपांतर आलिशान हॉटेलात होत आहे, तेव्हा शेजारचे स्नानगृहही त्याच सुरात जावे असा दबाव येणे स्वाभाविक आहे. आराखड्यात फरश्या, मोझेक आणि रंगीत काचा पूर्ववत करण्याची काळजी घेतली जाईल, यात मला शंका नाही. पास केवढ्याला असेल, म्हणजे किती फोरिंटांत किती वेळा नाहता येईल, आणि सकाळी सहा वाजता दार कोणासाठी उघडेल, हे दोन आकडे मात्र त्या आराखड्याबरोबरच जाहीर व्हायला हवेत. तीन वर्षे दुसरीकडे जाऊन नाहणारी माणसे २०२८ मध्ये गेलर्टला परततील की नाही, हे मोझेकपेक्षा त्या आकड्यांवर ठरणार आहे.